गतीचे चित्र काढणारा वैद्य

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत सपाट वाट अशी थोडीच. सावित्रीच्या काठचा भातखाचरांचा पट्टा ओलांडला की, जिकडे जावे तिकडे चढ किंवा उतार. महाबळेश्वराकडे आंबेनळी, भोरकडे वरंधा, खेडकडे कशेडी असे घाट. आणि त्यांच्या कुशीत वसलेल्या वाड्यांकडे जाणाऱ्या अरुंद पायवाटा. डोक्यावर भाऱ्याचे ओझे घेऊन अशी वाट चढावयाची तर पायांवर विश्वास हवा. येथील माणसांना चालीची पारखही मोठी. समोरच्या उतारावरून कोणी येत असेल, तर त्याचा चेहरा दिसण्यापूर्वीच, केवळ पावले टाकण्याच्या ढबीवरून, तो कोण हे ती सांगतात.

अशा मुलखात पावसाळ्यात निसरड्या दगडावरून घसरून एखाद्याचा पाय मोडला, तर त्याच्या घरावर संकटच कोसळते. शस्त्रवैद्य हाड जुळवतो. काही महिन्यांनी माणूस उभा राहतो, चालू लागतो. परंतु हाड जुळले म्हणजे चाल परत आली, असे नव्हे. माणूस नकळत दुखऱ्या पायावरील भार चुकवतो, चांगल्या पायावर अधिक वेळ रेलतो, गुडघा वाकवण्याऐवजी कंबर उचलून पाऊल पुढे टाकतो. घरची माणसे म्हणतात की, तो अजून थोडा लंगडतो. पण थोडा म्हणजे किती? गेल्या महिन्यापेक्षा कमी की अधिक? शस्त्रक्रियेने जे सुधारावयास हवे होते, ते खरोखर सुधारले काय? नुसत्या डोळ्यांनी याचे उत्तर मिळत नाही. पाय उचलून पुन्हा टेकेपर्यंतचा काळ सेकंदापेक्षाही कमी असतो, आणि तेवढ्यात कंबर, गुडघा, घोटा हे तिन्ही सांधे आपापली कामे उरकून घेतात. डोळ्याला दिसते ती केवळ एक हालचाल. तिच्या आतले बारकावे त्याच्या हाती लागत नाहीत.

डोळ्याला न पकडता येणारी ही गती पकडून कागदावर मांडण्याचा ध्यास एका फ्रेंच वैद्याने आयुष्यभर घेतला. त्याचे नाव एत्येन-झ्यूल मारे.

एत्येनचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्समधील बोन या गावी झाला. हे गाव द्राक्षांच्या मळ्यांसाठी आणि पंधराव्या शतकात बांधलेल्या एका जुन्या रुग्णालयासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे वडील द्राक्षमद्याच्या एका पेढीत कामास होते. लहानपणापासून एत्येनच्या बोटांत विलक्षण कसब होते. लाकडाचे तुकडे, तारा, दोऱ्या असे जे हाती येई, त्यातून तो हलणारी खेळणी तयार करी. मोठेपणी यंत्रशास्त्र शिकावे, अशी त्याची मनापासून इच्छा होती. आईला वाटे, मुलाने धर्मोपदेशक व्हावे. वडिलांनी मात्र त्याला वैद्य करावयाचे ठरवले होते. त्या काळी वडिलांच्या शब्दापुढे मुलाचे काही चालत नसे. १८४९ साली एकोणीस वर्षांचा एत्येन पॅरिसला जाऊन वैद्यकाच्या विद्यालयात दाखल झाला. आवडीचे शिक्षण मिळाले नाही म्हणून कित्येक मुले जन्मभर हळहळत बसतात. एत्येनने निराळाच मार्ग काढला. शरीर हेही एक यंत्रच आहे, असे त्याने मनाशी धरले आणि वैद्यकातच आपले यंत्रशास्त्र शोधून काढले.

१८५९ साली मारे वैद्यकाची पदवी मिळवून बाहेर पडले. रक्ताभिसरण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्या काळचे शरीरशास्त्रज्ञ जिवंत प्राण्याचे शरीर उघडून आतील व्यापार पाहत असत. मारे यांना ही रीत फारशी पटत नसे. केवळ दया म्हणून नव्हे. उघडलेले, जखमी शरीर हे निरोगी शरीरासारखे वागतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शरीर जसे आहे तसे राहू द्यावे, आणि त्याला स्वतःची हकीकत स्वतःच लिहू द्यावी, अशी उपकरणे आपण बनवली पाहिजेत, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

या विचाराचे पहिले फळ १८६० साली आले. मनगटावरील नाडी वैद्य बोटांनी पाहतात. आपल्याकडील वैद्यांनाही ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. परंतु बोटांना कळलेली नाडी दुसऱ्याला दाखवता येत नाही, आणि कालची नाडी आजच्या नाडीशेजारी ठेवून ताडून पाहता येत नाही. मारे यांनी मनगटावर बांधण्याचे एक हलके उपकरण तयार केले. त्यातील एक लहानशी स्प्रिंग नाडीवर टेके. नाडीचा प्रत्येक ठोका तिला उचली, आणि तिला जोडलेली लांब, हलकी दांडी तोच ठोका मोठा करून काजळी धरलेल्या कागदाच्या पट्टीवर रेघेच्या रूपाने उमटवी. नाडी लिहिणारी उपकरणे यापूर्वीही झाली होती. परंतु ती अवजड होती. मारे यांचे उपकरण वैद्याला खिशात घालून रुग्णाच्या घरी नेता येई. ते लवकरच सर्वत्र वापरात आले. पुढे ओगुस्त शोव्हो या पशुवैद्याबरोबर त्यांनी घोड्याच्या हृदयाच्या कप्प्यांतील दाबही नळीच्या साहाय्याने अशाच रेघांनी टिपून घेतला.

१८६४ साली मारे यांनी पॅरिसमधील एका जुन्या नाट्यगृहाच्या इमारतीत स्वतःची प्रयोगशाळा थाटली. तेथेच ते राहतही असत. जेथे पूर्वी नटांची वर्दळ असे, तेथे आता कबुतरे, बेडूक आणि कासवे आली. त्यांच्या अवतीभवती चक्रे, नळ्या आणि काजळी धरलेल्या पंचपात्र्या फिरू लागल्या. माशीच्या पंखाचे टोक अशा फिरत्या पंचपात्रीला हळूच टेकवून मारे यांनी तिच्या पंखाची फडफड मोजली. ती सेकंदाला सुमारे ३३० भरली. आणखी एक युक्ती त्यांनी केली. गांधीलमाशीच्या पंखाच्या टोकाला त्यांनी सोन्याच्या वर्खाचा कण चिकटवला आणि तिला उन्हात धरले. पंख दिसेना, परंतु तो चकाकणारा ठिपका हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आकृती काढीत असलेला स्पष्ट दिसला. सारे अंग पाहण्यापेक्षा एक तेजस्वी ठिपका पाहावा. गती त्या ठिपक्याने सांगावी. या साध्या युक्तीचे महत्त्व त्या वेळी कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. पुढे माणसाच्या चालीचे कोडे सुटले ते याच ठिपक्यामुळे.

१८६०च्या दशकाच्या अखेरीस मारे पॅरिसमधील कोलेज द फ्रान्स या नामांकित विद्यापीठात प्राध्यापक झाले. आता ते माणसाच्या चालीकडे वळले. त्यांनी आणि त्यांच्या शिष्याने एक विशेष प्रकारचा जोडा बनवला. त्याच्या तळव्यात हवेची पोकळी असे. पाऊल जमिनीला टेकले की हवा दाबली जाई, तो दाब रबरी नळीतून चालणाऱ्याच्या हातातील लहान पेटीत पोहोचे, आणि तेथील लेखणी काजळीच्या कागदावर वर चढे. पाऊल उचलले की लेखणी खाली येई. दोन पायांच्या दोन रेघा एकाखाली एक उमटत. कोणता पाय किती वेळ जमिनीवर होता, दोन्ही पाय एकाच वेळी कधी टेकलेले होते, हे त्या रेघांवरून स्पष्ट वाचता येई. चालताना एक पाय उचलण्यापूर्वी दुसरा टेकलेला असतोच. धावताना मात्र मध्येच असा एक क्षण येतो की, तेव्हा दोन्ही पाय अधांतरी असतात. ही गोष्ट प्रथमच कागदावर आली. एक पाय दुखरा असेल तर त्याची रेघ आखूड पडणार, हे सांगावयास नको. वाड्यावरच्या माणसाच्या लंगडण्याला किती म्हणून जो प्रश्न आपण वर विचारला, त्याच्या उत्तराची ही पहिली पायरी होती.

हीच युक्ती मारे यांनी घोड्यालाही लावली. चार खुरांखाली चार हवेचे चेंडू, चार नळ्या, आणि स्वाराच्या हातात चार रेघा ओढणारी पेटी. घोडा भरधाव दौडतो तेव्हा त्याचे पाय कसे पडतात, याविषयी मोठमोठे जाणकार वाद घालीत. चित्रकार तर शतकानुशतके पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला, जणू जमिनीवरून उडणारा घोडा रंगवीत आले होते. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मारे यांनी घोड्याच्या निरनिराळ्या चालींच्या रेघा छापल्या. तो ग्रंथ अमेरिकेत लीलँड स्टॅनफर्ड या धनिक अश्वशौकिनाच्या वाचनात आला. त्यांनी एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराकडून १८७८ साली दौडत्या घोड्याची छायाचित्रे काढविली. धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडलेले होते. घोडा पुढे जाई तसा एकेक कॅमेरा आपोआप उघडे. घोड्याचे चारही पाय काही क्षण अधांतरी असतात खरे, परंतु ते ताणलेले नसून पोटाखाली जवळ घेतलेले असतात, असे त्या चित्रांत दिसले. आता चित्रकारांची मोठीच अडचण झाली. खऱ्या घोड्याचे चित्र काढावे तर लोकांना ते खोटे वाटे!

मारे यांनी ही छायाचित्रे पाहिली आणि ते हरखून गेले. दुसऱ्या कोणी आपल्या पुढे मजल मारली म्हणून खंतावण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १८८१ साली मायब्रिज पॅरिसला आले, तेव्हा मारे यांनी त्यांना आपल्या घरी बोलावून विद्वानांच्या मेळाव्यात त्यांची चित्रे दाखवविली. परंतु चित्रांतील उणीवही त्यांच्या चाणाक्ष दृष्टीने हेरली होती. अनेक कॅमेऱ्यांनी अनेक जागांवरून टिपलेल्या चित्रांत काळाचे आणि अंतराचे माप नेमके बसत नव्हते. मारे यांना नुसते चित्र नको होते. त्यांना मोजता येईल असे चित्र हवे होते. आणि आकाशात उडणाऱ्या पक्ष्यासमोर कॅमेऱ्यांची रांग तरी कशी मांडावी?

हिवाळ्यात मारे इटलीतील नेपल्स येथे राहत. तेथे १८८२ साली त्यांनी एक अजब बंदूक तयार केली. तिच्या नळीत भिंग होते आणि गोळ्यांच्या जागी काचेची वाटोळी पट्टी होती. घोडा ओढला की ती पट्टी टप्प्याटप्प्याने फिरे आणि एका सेकंदात बारा छायाचित्रे निघत. शुक्र ग्रहाचे सूर्यबिंबावरून होणारे अधिक्रमण टिपण्यासाठी झान्सन या ज्योतिषाने १८७४ साली असेच एक यंत्र वापरले होते. त्यावरून मारे यांना ही कल्पना सुचली. हा सभ्य गृहस्थ दिवसभर पक्ष्यांवर बंदूक रोखून उभा राहतो, आवाज होत नाही, पक्षी पडत नाही, आणि तरीही तो आनंदाने घरी जातो, हे पाहून गावातील लोकांनी त्यास वेडा ठरवले असल्यास नवल नाही.

त्याच वर्षी पॅरिसच्या नगरपालिकेने शहराच्या पश्चिमेकडील वनराईजवळ त्यांना जागा दिली, सरकारने पैसा दिला, आणि तेथे गतीच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. सरकारच्या या औदार्यामागे एक कारण होते. १८७० साली सुरू झालेल्या जर्मनांबरोबरच्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला होता. सैनिक कमी थकून अधिक कसे चालतील, पाठीवरचे ओझे कसे बांधावे, मुलांना व्यायाम कोणता द्यावा, अशा प्रश्नांची उत्तरे देशाला हवी होती. केंद्रात वर्तुळाकार धावमार्ग आखलेला होता. मध्यभागी एक घंटा असे, आणि तिच्या ठोक्यांवर माणसांना पावले टाकावी लागत. ठोके जलद केले की आरंभी वेग वाढे आणि पाऊलही लांब पडे. परंतु एका मर्यादेनंतर ठोके कितीही वाढवले तरी पाऊल आखूडच होत जाई. नुसता ढोल जलद वाजवून सैन्य जलद चालत नाही, हे सेनापतींना यावरून कळावयास हरकत नव्हती.

याच केंद्रात मारे यांनी आपला सर्वांत मोठा शोध लावला. त्यांनी एक मोठा मंडप उभारून त्याच्या आतील बाजू काळ्याकुट्ट केल्या. त्यापुढून पांढरे कपडे घातलेला माणूस चाले. कॅमेरा एकच, काचही एकच. भिंगासमोर मात्र खाचा पाडलेली एक चकती फिरे. खाच समोर आली की क्षणभर प्रकाश आत जाई. काळी पार्श्वभूमी काचेवर काही उमटवीत नसे, म्हणून त्याच काचेवर एकापुढे एक अशी माणसाची अनेक चित्रे उमटत. दोन चित्रांमधील काळ ठाऊक, अंतर मोजण्यास जमिनीवर पट्टी आखलेली. मग वेग काढणे कितीसे अवघड? परंतु नवीनच अडचण उपस्थित झाली. माणूस सावकाश चालू लागला की त्याची चित्रे एकमेकांवर चढत, आणि हात कोणता, पाय कोणता हे कळेनासे होई.

येथे त्यांनी गांधीलमाशीच्या पंखावरील ठिपक्याचीच युक्ती पुन्हा वापरली. १८८३ साली मारे यांनी नेमके उलटे केले. माणसाला त्यांनी नखशिखान्त काळे कपडे चढवले. त्याचा चेहराही काळ्या टोपडीने झाकला. मग त्या काळ्या कपड्यांवर हाता-पायांच्या लांबीने चकाकणाऱ्या पट्ट्या लावल्या, आणि खांदा, कोपर, कंबर, गुडघा, घोटा अशा सांध्यांच्या जागी तेजस्वी गुंड्या शिवल्या. काळ्या मंडपापुढे तो माणूस चालला तेव्हा काचेवर माणूस उमटलाच नाही. उमटल्या त्या केवळ रेघा आणि ठिपके. पंख्याच्या काड्यांप्रमाणे एकापुढे एक पसरलेल्या त्या रेघांत गुडघा कधी वाकला, कधी ताठ झाला, टाच कधी टेकली, कंबर किती वर आली आणि किती खाली गेली, हे सारे मोजता येऊ लागले. पाऊल अंगाखाली येते तेव्हा शरीर सर्वांत वर असते, आणि दोन्ही पाय टेकलेले असतात तेव्हा सर्वांत खाली. प्रत्येक पावलागणिक आपले मस्तक अशी एक लाट काढीत पुढे जाते. जन्मभर चालूनही हे कोणी पाहिले नव्हते.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पाऊल जमिनीला किती जोराने दाबते, हे मोजणारी एक फळी त्यांनी आणि त्यांचे साहाय्यक जॉर्ज दमनी यांनी बनवली. पुढे दोन भिंगांचा कॅमेरा घेऊन, चालणाऱ्याच्या कमरेमागे लावलेल्या एकाच तेजस्वी ठिपक्याचा मार्गही त्यांनी टिपला. तो ठिपका नुसता वरखालीच नव्हे, तर डावीउजवीकडेही झोके घेत नागमोडी जातो, असे आढळले.

निरोगी माणसाची चाल अशा रीतीने मोजता आल्यावर रुग्णाच्या चालीकडे लक्ष जाणे साहजिक होते. १८८८ साली केन्यू नावाच्या शस्त्रवैद्याने दमनी यांच्या मदतीने पाय आजारी असलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. रुग्णांच्या सांध्यांवर विजेचे लहान दिवे बांधले जात. रुग्ण चालू लागला की त्या दिव्यांच्या रेघा काचेवर उमटत. निरोगी माणसाच्या रेघा सम आणि डौलदार; लंगडणाऱ्याच्या रेघा मात्र एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला तुटक. वैद्याच्या डोळ्यांना जे अंधूक जाणवत होते, ते आता दोन चित्रे शेजारी ठेवून कोणालाही दाखवता येत होते.

१८८८ सालीच मारे यांनी काच टाकून देऊन गुंडाळता येणारी लांब पट्टी कॅमेऱ्यात घातली. आता प्रत्येक क्षणाचे चित्र स्वतंत्र मिळू लागले. हाच चलच्चित्रपटाचा पाळणा होय. पुढील वर्षी पॅरिसमधील प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेचे एडिसन यांनी ही चित्रे पाहिली. १८९५ साली ल्यूमियेर बंधूंनी पॅरिसमध्ये लोकांना पैसे घेऊन चित्रपट दाखवले, आणि अवघ्या काही महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला. तो पाहून भारून गेलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रीकरण केले. मराठी माणसाने प्रथम टिपली तीही शरीराची गतीच, हा योग मोठा मौजेचा आहे.

मारे यांना मात्र या खेळांत रस नव्हता. डोळ्याला जे दिसते तेच पुन्हा पडद्यावर दाखवण्यात शास्त्राचे काय साधले, असा त्यांचा प्रश्न असे. जे दिसत नाही ते दाखवावे, अतिजलद असेल ते संथ करावे, हाच त्यांचा हेतू. यावरूनच दमनी यांच्याशी त्यांचे बिनसले. दमनी यांना या चित्रांतून व्यवसाय करावयाचा होता. दमनी हे बुद्धिमान आणि कष्टाळू होते. केंद्रातील कित्येक प्रयोग त्यांच्याच हातचे होते, आणि त्यांच्या श्रमांचे चीज पुरेसे झाले असे म्हणता येत नाही. तरीही १८९४ साली दोघांची बारा वर्षांची संगत तुटली. थोर माणसांच्या चरित्रांत अशी पाने असतात. ती फाडून टाकण्यात अर्थ नाही.

त्याच वर्षी मारे यांनी विज्ञान अकादमीच्या सभेत एका मांजराची चित्रे सादर केली. पाय वर धरून उंचावरून सोडलेले मांजर जमिनीवर मात्र पायांवरच कसे उतरते? सोडणाऱ्याच्या हाताला रेटा देऊन ते वळते, असे विद्वानांना वाटे; कारण अधांतरी, कशाचाही आधार नसताना, शरीर वळणे गतिशास्त्राच्या नियमांत बसत नाही, अशी त्यांची समजूत होती. चित्रांत दिसले ते असे: मांजर प्रथम पुढचे पाय आखडून अंगाचा पुढचा भाग वळवते, मग मागचे पाय आखडून मागचा भाग. हाताचा रेटा त्यात नव्हताच. शहाण्यासुरत्या गणित्यांना एका मांजरामुळे आपली समीकरणे पुन्हा तपासावी लागली. १८९५ साली मारे त्याच अकादमीचे अध्यक्ष झाले.

म्हातारपणीही त्यांचे हात स्वस्थ नव्हते. हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी काचेच्या पेटीत धुराचे बारीक धागे सोडले आणि वाटेत ठेवलेल्या वस्तूभोवती ते कसे वळतात, याची छायाचित्रे घेतली. विमान उडण्यापूर्वीची ही गोष्ट. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत, एकाचे माप दुसऱ्याला समजावे, यासाठीही ते शेवटच्या वर्षांत झटत होते. त्या कामासाठी उभारलेल्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. १५ मे १९०४ रोजी पॅरिस येथे त्यांचा अंत झाला.

त्यांच्या हयातीतच जर्मनीतील लायप्झिग शहरात ब्राउन आणि फिशर या दोघांनी त्यांची पद्धत पुढे नेली होती. १८९१ साली एका रात्री त्यांनी एका माणसाच्या अंगावर प्रकाशणाऱ्या विजेच्या नळ्या बांधल्या. विजेचा धक्का बसू नये म्हणून त्या इतक्या जपून बांधाव्या लागल्या की, तयारीतच अनेक तास गेले. चालणे काही पावलांचेच. परंतु चार कॅमेऱ्यांनी टिपलेल्या त्या पावलांचे गणित सोडवावयास कित्येक वर्षे लागली. ब्राउन १८९२ सालीच वारले. फिशर यांनी एकट्यानेच आकडेमोड चालू ठेवली आणि शेवटचा भाग प्रसिद्ध केला, तो मारे यांच्या मृत्यूच्या वर्षी.

जे गणित फिशर यांना वर्षानुवर्षे पुरले, ते आता संगणक क्षणात सोडवतो. पाश्चात्त्य देशांप्रमाणे मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही चाल तपासण्याच्या प्रयोगशाळा आहेत. तेथे रुग्णाच्या कमरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर चकाकणाऱ्या लहान गोळ्या चिकटवतात. खोलीच्या भिंतींवर चहूबाजूंनी कॅमेरे असतात. ते सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक वेळा त्या गोळ्यांच्या जागा टिपतात. जमिनीत बसवलेली फळी पावलाचा जोर मोजते. निरोगी माणसाचा प्रत्येक पाय चालण्याच्या एका फेऱ्यापैकी शेकडा सुमारे ६० भाग जमिनीवर असतो आणि ४० भाग अधांतरी. पाय पुढे जाताना गुडघा सुमारे ६० अंश वाकतो. गुडघ्याचा सांधा बदललेल्या किंवा मोडलेले हाड पट्टी घालून जोडलेल्या रुग्णाचे आकडे याच्याशी ताडून पाहतात. शस्त्रक्रियेपूर्वी एकदा आणि नंतर काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा, असे ते आकडे शेजारी मांडले की, कोणता स्नायू अजून दुबळा आहे, कोणता व्यायाम वाढवावा, हे वैद्यास कळते. जन्मतःच मेंदूच्या विकारामुळे ज्यांचे पाय आखडलेले असतात, अशा मुलांच्या बाबतीत तर नेमका कोणता स्नायू सैल करावा, हे सुरी हाती घेण्यापूर्वीच ठरवावे लागते. चुकीचा स्नायू कापला गेला तर मूल पूर्वीपेक्षाही वाकून चालू लागण्याचा धोका असतो. अशा मुलाला कॅमेऱ्यांपुढून काही वेळा चालवतात. पडद्यावर त्याचे हसू दिसत नाही, कपडे दिसत नाहीत. काळ्या पटावर काही ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा तेवढ्या पुढे सरकत जातात.